दुसऱ्यांदा या : मराठवाड्यातल्या मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच आणि महिला मंडळाच्या भगिनी यांना,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

मी जालन्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. मंडळीत आमच्या घरची ही चौथी पिढी. म्हणून हे पत्र बाहेरच्या माणसाची तक्रार समजू नका. घरातल्या बाईनं घरातल्यांना सांगावं तसं लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, मंगळवारी दुपारी गॅसवाला आला. सिलिंडर उतरवलं आणि म्हणाला, "बाई, ओटीपी सांगा." मोबाईल बघून आकडे सांगायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा खाकरला, आत जाऊन पाणी प्यायले, तेव्हा कुठे चार आकडे बाहेर पडले. तो गेला आणि मी दारातच बसले. हिशोब केला. रविवारी उपासना सुटल्यावर पाळकबाईंना "बरंय, येते" म्हटलं होतं. त्यानंतर दोन दिवस मी एक शब्द बोलले नव्हते. दुधाची पिशवी फाटकाला अडकवलेली असते. लाईटबिल मोबाईलवर भरलं जातं. लेक हिंजवडीला नोकरीला, त्याचा फोन शनिवारी रात्री येतो. बोलायची गरजच पडली नव्हती. जिनं ३१ वर्षं साठ-साठ लेकरांच्या वर्गावर आवाज चढवला, तिचा आवाज न वापरल्यामुळे गंजला होता.

त्याच्या आदल्या वर्षी माझे यजमान गेले. तेव्हा मंडळी आली होती, हे मी कधी विसरणार नाही. पहिल्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चच्या खुर्च्या अंगणात मांडल्या, गायनमंडळानं कबरस्थानात शेवटचं कडवं संपेपर्यंत सूर सोडला नाही, डबे तर इतके आले की आम्हाला ते शेजारीपाजारी वाटावे लागले. महिन्याची प्रार्थना झाली. त्यानंतर मात्र कुणी आलं नाही. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणी जात असेल. मीही रविवारी नीट साडी नेसून, हसून, त्याच बाकावर बसत होते. कुणाला काय कळणार?

पाळकसाहेब, मला एवढंच म्हणायचं आहे की आपल्याला पहिली भेट उत्तम जमते. मयत असो, आजारपण असो, बाळ झालेलं असो, आपण धावून जातो. दुसरी, तिसरी, दहावी भेट मात्र आपल्याला जमत नाही. एकटेपण तर महिनाभरानंतरच सुरू होतं.

माझी सुटका केली ती भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वहिनींनी. अकरा वर्षं आमची ओळख "झालं का जेवण" एवढीच होती. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला उपास. आमच्या दारावर क्रूस. भांडण नव्हतं, येणंजाणंही नव्हतं. त्या श्रावणातच एका संध्याकाळी त्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, चमचाभर विरजण आहे का? आमचं मांजरानं सांडलं." मी स्टीलच्या वाटीत दिलं. तिसऱ्या दिवशी वाटी परत आली, तिच्यात शेंगदाण्याची चटणी. रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपल्याकडची रीत, त्यामुळे मलाही ती वाटी तशीच ठेवून घेता येईना. मी गुळाच्या पोळीचा तुकडा घालून नेऊन दिली. मग कारल्याची भाजी आली, मग आमच्याकडून नाताळच्या करंज्या गेल्या. ती वाटी आता कुणाच्या घरची म्हणायची हे आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

या रिवाजात पुन्हा येण्याची सोय आपोआप आहे. वाटी उंबऱ्याबाहेर पडली की तिला परतावंच लागतं. आपल्या सांत्वनाच्या भेटीत तशी काही सोय नसते. आपण प्रार्थना करतो, "काही लागलं तर सांगा" म्हणतो आणि निघतो. एकटं पडलेलं माणूस कधी सांगत नाही. मी सांगितलं नव्हतं.

मैत्रीला किती वेळ लागतो याचाही कुणीतरी हिशोब केला आहे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांचं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या अंदाजानं नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणवायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. मी मास्तरीण, गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. आठवड्याला एक तास धरला तर साध्या मैत्रीलाच वर्ष जातं. जिवाभावाचं नातं जुळायला चार वर्षं. तोवर पाळकसाहेबांच्या बदलीची वेळ आलेली असते! म्हणून हे काम पाळकांवर टाकून मंडळीला मोकळं होता येणार नाही. जो त्या गल्लीतून हलणार नाही, त्यालाच हे करावं लागेल.

आणि आपल्याला हे येत नाही असंही नाही. लेंटच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारआधीच्या (ईस्टरआधीच्या) उपवासकाळाच्या, ४० दिवसांत आपण घरोघरी प्रार्थनासभा घेतो. संध्याकाळी सातला चपला काढून दहा-पंधरा माणसं एखाद्या छोट्या खोलीत सतरंजीवर बसतात, गीत होतं, वचन होतं, चहा होतो. त्या दिवसांत कुठल्या घरचं नळाचं पाणी गेलंय, कुणाच्या सुनेचं बिनसलंय, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. पुनरुत्थानाचा रविवार उजाडला की सतरंज्या घडी करून कपाटात. आणि लेंटमध्येसुद्धा आपण जातो ते आपल्याच घरी. मधली तीन घरं ओलांडून जातो.

येशूला एका शास्त्र्यानं विचारलं, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल त्यानं, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या परक्या वाटसरूला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. तिच्यावर मी आजवर किती प्रवचनं ऐकली असतील! तेल आणि द्राक्षारस, जखमा बांधणं, आपल्या जनावरावर बसवणं, सगळ्यावर भर असतो. मला मात्र हल्ली त्यातलं शेवटचं वाक्य सोडत नाही. तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. परत येईन, म्हणतो तो. रस्त्यावर भेटलेल्या परक्या माणसासाठी त्यानं परतीची फेरी ठरवून टाकली होती.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते, म्हणजे हे हवेत बोलणं वाटणार नाही.

गेल्या चैत्रात वहिनी म्हणाल्या, यंदा कुरडया होणार नाहीत. त्यांच्या घरापुढे तीन मजली इमारत उभी राहिली, गच्चीवर दुपारी बारानंतर सावली. मी म्हटलं, आमच्या चर्चच्या कंपाउंडमध्ये ऊनच ऊन आहे. बोलून तर गेले, पण माझीच छाती धडधडत होती. पंचांना विचारलं. एक जण म्हणाले, कंपाउंड खराब होईल. दुसरे म्हणाले, "बाई, दिवस कसे आहेत ते बघता ना? उद्या कुणी काही बोललं तर?" शेवटी मागच्या बाजूच्या ओट्यावर, दुपारी उपासना नसते तेव्हा, अशी परवानगी मिळाली.

ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना माहीत आहे, हे काम एकटीचं नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, गाळून रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून चीक शिजवायला घेतला की थांबता येत नाही. एकीनं लाकडी दांड्यानं घोटायचं, दुसरीनं गुठळी होऊ न देता चीक ओतायचा, तिसरीनं सोऱ्या भरायचा, चौथीनं दाबायचा, आणि हे सगळं चीक कढत असेपर्यंत. गार झाला की सोऱ्या दाबत नाही, हाताला फोड येतात. पहिल्या दिवशी आम्ही चौघी होतो. वहिनी, मी, आमच्या महिला मंडळातल्या एक आजी आणि समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारी एक पोरगी. तिचा नवरा एमआयडीसीत सळई कारखान्यात, माहेर बिहारमध्ये. तिला कुरडई काय ते माहीत नव्हतं, पण घोटायला तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. लेकरांनी गरम चीक दूध-साखर घालून खाल्ला. चुलीशी बसून त्या पोरीनं सांगितलं की आठ महिने झाले, या गावात नवऱ्याखेरीज तिच्याशी कुणी बसून बोललं नाही. आमच्या चर्चच्या फाटकापासून तिची खोली ४० पावलांवर आहे. मी नंतर मोजली.

कुरडया वाळायला दोन दिवस, मग पापड, मग शेवया. असा महिना गेला. वाळवणं डब्यांत गेल्यावर कुणी थांबायचं नाव घेईना. तेव्हापासून दर मंगळवारी तीन ते पाच आम्ही त्या ओट्यावर बसतो. मेथी निवडतो, गोधडीला टाके घालतो, कुणाच्या लेकराचा पाढा पाठ करून घेतो. कधी सहा जणी, कधी तेरा. पावसाळ्यात संडे स्कूलच्या खोलीत बसलो.

पुरुष आले नाहीत. त्यांना "या, गप्पा मारू" म्हटलं तर ते येत नाहीत, हे मी यजमानांवरूनच जाणते. बापे बोलतात ते हाताला काम असताना. आमच्या चर्चच्या तबल्याची शाई उडाली होती, रविवारी तो डब्यासारखा वाजायचा. वहिनींचे थोरले दीर विठ्ठल मंदिराच्या भजनात पखवाज वाजवतात. बायको गेल्यापासून ते दिवसभर बाजेवर पडून असत. त्यांना नुसतं विचारलं, जरा बघता का. त्यांनी तबला मांडीवर घेतला, बोटानं टिचकी मारली आणि तोंड असं केलं, जणू कुणी लेकराला उपाशी ठेवलंय. दुसऱ्या दिवशी ते आमच्या तबलजी पोराला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. आता ते शनिवारी संध्याकाळी गायनमंडळाच्या सरावाला येऊन बसतात आणि ठेका चुकला की पोराच्या पाठीत धपाटा घालतात. रविवारी ते येत नाहीत, आम्ही या म्हणतही नाही. त्यांच्या भजनाच्या सप्ताहाला आमचे दोघे पेटीवाले गेले होते.

आता पंचांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. आपल्याबद्दल बाहेर संशय आहे, दारात आलेला ख्रिस्ती माणूस धर्म बदलायलाच आला असं पुष्कळांना वाटतं, आणि त्यापायी आपण फाटक आणखी घट्ट लावतो. फाटक लागलं की संशय आणखी वाढतो. मी यावर मंगळवारपुरता एक नियम पाळते. पत्रक नाही, वर्गणी नाही, नावांची वही नाही. चहाआधी प्रार्थनेसाठी कुणाला थांबवायचं नाही. कुणी स्वतःहून म्हटलं, "बाई, माझ्या लेकासाठी तुमच्या देवाला सांगा," तर मी तिथंच डोळे मिटते. माझा विश्वास कुणी विचारला तर लपवत नाही, वहिनीही मला एकादशीचं पुण्य मोकळेपणानं सांगतात. मात्र मनात गळ ठेवून मी कुणाच्या दारात जात नाही. एका पंचांनी विचारलं होतं, यातून मंडळी किती वाढली? एकही घर वाढलं नाही. हे मी त्यांना तेव्हाही सरळ सांगितलं आणि इथंही लिहिते, म्हणजे कुणाचा गैरसमज राहायला नको.

आपल्याच इतिहासाची एक गोष्ट मला यासाठी महत्त्वाची वाटते. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती लोकांची वसाहत वसवली. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यासाठी जमीन मिळाली होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जुना शेजार तुटायचा, विहीर तुटायची, म्हणून त्यांना नवा शेजार उभा करून द्यावा लागला. त्या काळाची ती गरज होती. पण कंपाउंडची भिंत मग आपल्या अंगवळणी पडली. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना शेजार नव्हता त्यांची आपण नातवंडं-पतवंडं. शेजार नसलेल्या माणसाची कळ आपल्याइतकी कुणाला कळावी?

शेजार हा अंतराचाही प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी तरुण शिक्षिका होते, मंडळीतर्फे कपडे-भांडी घेऊन गेलेल्या टेम्पोत मीही होते. पुढे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली पन्नासच्या वर गावं नव्या जागी वसवली. काही वर्षांनी मी एका गावी गेले. रुंद सरळ रस्ते, आखीव प्लॉट, सुटी सुटी घरं. जुन्या गावात वाड्याला वाडा, ओट्याला ओटा लागून होता. ज्या म्हातारीकडे आम्ही उतरलो तिचं घर पक्कं होतं, तिला त्याचं समाधानही होतं, पण तिची जुनी शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि गुडघे दुखत असल्यानं वर्षभर दोघींची भेट नव्हती. लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हेच अभ्यासातून दाखवलं. अमेरिकेतल्या एका वसाहतीत लागून दार असलेल्यांची मैत्री जास्त, आणि त्याच मजल्यावर टोकाच्या दारांची फार कमी. म्हणून माझी विनंती आहे की भेटीला जायची यादी गल्लीप्रमाणे करा. सध्या आपण नवीन जालन्याच्या पंचाला कदीम, म्हणजे जुन्या, जालन्यातलं घर देतो. तो एकदा जातो. दारासमोरच्या माणसाला द्या, मग तो मंडळीतला असो वा नसो. मंडळीतल्या एकट्या आजीकडे आपला माणूस रोज पोचत नसेल, तर तिच्या शेजारणीशी आपण आधी ओळख वाढवलेली बरी.

खेड्यांतल्या पाळकांना वेगळं सांगते. बीड, अंबड, घनसावंगीकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता बाहेर पडतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी फडावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाच-सहा महिने गावात म्हातारी आणि लेकरं. तुमच्या मंडळीतलेही जातात. नाताळला तर निम्मी मंडळी उसाच्या फडात असते. या दिवसांत गावात चूल कुणाची पेटली नाही हे पाहायला एखादं माणूस रोज सकाळी पाणी भरायच्या वेळी एक चक्कर मारील, एवढं तुम्ही ठरवू शकता. त्याला पैसा लागत नाही. ती चक्कर ख्रिस्ती घरांपुरती ठेवू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये अहवाल दिला. जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपण छळतं आणि त्याच्याशी वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध आहे, असं त्यात म्हटलंय. सहात एक! रविवारी आपल्या एका बाकावर साधारण सहा जण बसतात.

एक सावधगिरीही सांगायला हवी. सगळंच ओट्यावर बसून बरं होत नाही. कुणाची झोप, जेवण उडालं असेल, जगून काय करायचं अशी भाषा येत असेल, तर "प्रार्थना करू" म्हणून परत येऊ नका. प्रार्थना कराच, आणि त्याच बैठकीत १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्यसेवेचा सरकारी क्रमांक लावून द्या, डॉक्टरकडे सोबत जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे. हे दोन आकडे चर्चच्या सूचनाफलकावर, लग्नाच्या घोषणांशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहा.

माझं मागणं मोठं नाही. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी फाटक उघडं ठेवा, कार्यक्रम न ठेवता. पाळकसाहेबांच्या भेटींच्या रजिस्टरमध्ये "पुन्हा कधी गेलो" असा एक रकाना वाढवा. मयताच्या घरी महिन्याच्या प्रार्थनेनंतर जायला दोन माणसांची नावं तिथंच, उठायच्या आत ठरवा, आणि वर्षभर तीच दोघं जाऊ द्या. नाताळला फराळाची ताटं शेजारी देताना ताट परत आणायला लेकराला पाठवू नका, स्वतः जा, आत बसा. आमच्या पंचांतले जे मागच्या वर्षी भीत होते, त्यांनी परवा ओट्यावर पत्र्याची शेड घालायचा ठराव मांडला, म्हणून ही विनंती करायचं धैर्य झालं.

यंदाचा गहू आज भिजत घातलाय, वहिनींच्या घरी दोन पायली आणि माझ्याकडे एक. मंगळवारी सकाळी आठला चीक शिजवायला घेणार. तुमच्यापैकी कुणी जालन्याकडे येणार असाल तर या. सोऱ्या दाबायला माणूस कमी आहे, बिहारची पोरगी बाळंतपणाला माहेरी गेलीय. रोज रात्री तिचा व्हिडिओ कॉल येतो, कुरडया किती झाल्या विचारते.

आपली ख्रिस्तातील बहीण,
एक निवृत्त शिक्षिका, जालना